शिराळ्याचा ऊस आणि जिनिव्हाचा निकाल

आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं आणि घरच्या उसाचा हिशेब माझ्याकडे आला. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं, माहेर शहरातलं. रानात उभा असलेला ऊस आडसाली आहे की खोडवा, हे मी लग्नानंतर शिकले. शिराळा तालुक्याचा चांदोलीकडचा भाग पावसाचा आणि भाताचा. खाली वारणेच्या आणि मोरणेच्या काठानं ऊस. आमचं रान या खालच्या पट्ट्यात. थोडा ऊस, पावसाळ्यात सोयाबीन, घरापुरता भात. काट्याची पावती, टनेज, दर आणि कपाती एवढं समजून घ्यायचं म्हणून मी वही उघडली, आणि त्या वहीनं मला ब्राझील, ग्वाटेमाला, मॉरिशस करत जिनिव्हापर्यंत नेलं. त्यातलं जे समजलं ते सांगते, कारण अशी वही नव्यानं हातात आलेल्या सुना आणि पोरं या तालुक्यात घरोघरी आहेत.

पहिली गाठ पडली ती एफआरपीशी. रास्त आणि किफायतशीर दर हे तिचं कागदावरचं नाव, पण गावात ते कुणी उच्चारत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार हा दर हंगामाआधी ठरवतं आणि त्याच्याखाली कारखान्याला ऊस घेता येत नाही. २०२४-२५ च्या हंगामाला तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. उतारा त्याच्यावर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढ. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. हे गणित मला जमलं. उतारा १२ टक्के धरला तर टनाला ३,९८१ रुपये येतात आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते.

जमलं नाही ते पुढचं. मी आप्पांना विचारलं, "साखरेलाच दर नसला, तर कारखाना हे पैसे आणतो कुठनं?"

"तितंच तर सगळं हाय, पोरी," आप्पा म्हणाले. "ऊस जातोय सरकारनं ठरवल्या दरानं आन् साखर जातीया बाजाराच्या दरानं. ह्या दोन्हीच्या मधी दरसाल आमची बिलं अडकत्यात."

त्यांचं म्हणणं मी आकड्यांत मांडून पाहिलं. २०१८-१९ ला एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती. २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. साखरेची किमान विक्री किंमत मात्र जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाली आणि पुढचे अनेक हंगाम तिथेच राहिली. बाजारात साखर त्याहून वर विकली जाते, हे खरं. पण कारखान्याला बँक उचल देते ती साखरेच्या किमतीकडे बघून, आणि आमची पहिली उचल येते ती त्या पैशातून.

मग जास्तीची साखर बाहेरच्या देशात विकावी, हा विचार कुणालाही सुचेल, तसा मलाही सुचला. तिथं मी पुरती गोंधळले. जगात कच्च्या साखरेचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो आणि तो पौंडाला किती सेंट असा सांगतात. पौंड म्हणजे ४५३ ग्रॅमच्या थोडं वर. सेंटला २२.०४६ नं गुणलं की टनाचे डॉलर मिळतात, हे एकदा कळल्यावर मी वहीत दोन ओळी लिहिल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये भाव १० सेंटच्या आसपास होता, म्हणजे त्या वेळच्या डॉलरच्या दरानं किलोला सोळा रुपयांच्या आत-बाहेर. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो सुमारे २८ सेंटपर्यंत गेला, म्हणजे किलोला ५१ रुपयांच्या आसपास. तीच साखर, तोच ऊस, तीच तोडणी. पाच वर्षांत रुपयांतला भाव तिपटीहून वर.

पहिल्या ओळीचा अर्थ असा की २०१८ मध्ये साखर बाहेर विकणं म्हणजे तोटा विकत घेणं होतं. देशात साखरेचे ढीग पडले होते, शेतकऱ्यांची बिलं थकली होती. तेव्हा केंद्रानं मदत जाहीर केली. गाळलेल्या उसाच्या टनामागे १३८ रुपये ८० पैसे, आणि बंदरापर्यंतच्या वाहतुकीसाठी साखरेच्या टनामागे अंतराप्रमाणे १,००० ते ३,००० रुपये. उसावरची मदत थेट शेतकऱ्याच्या खात्यावर, त्याच्या थकलेल्या बिलापोटी जमा करायची होती. पुढच्या हंगामात, २०१९-२० ला, ६० लाख टन निर्यातीसाठी टनाला १०,४४८ रुपये दिले गेले. ही मदत नसती तर आमच्या पट्ट्यातली कितीतरी घरं त्या वर्षी सावकाराच्या दारात उभी राहिली असती.

हीच मदत जिनिव्हाच्या खटल्याचा विषय झाली.

जिनिव्हात जागतिक व्यापार संघटना आहे. १ जानेवारी १९९५ ला ती सुरू झाली आणि भारत पहिल्या दिवसापासून तिचा सभासद आहे. २०१९ च्या सुरुवातीला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी तिथं भारताविरुद्ध तक्रार केली. भारत उसाला मर्यादेबाहेर आधार देतो, निर्यातीला पैसे देतो, त्यामुळे जगात साखरेचा भाव पडतो आणि आमचे शेतकरी बुडतात, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबर २०२१ ला तज्ज्ञ मंडळाचा निकाल आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत भारतानं उसाला दिलेला आधार मर्यादेपेक्षा जास्त होता आणि निर्यातीसाठी दिलेली मदत नियमाविरुद्ध होती, असं त्यात म्हटलं आहे. भारतानं डिसेंबर २०२१ मध्येच अपील केलं.

मर्यादा म्हणजे किती आणि ती मोजतात कशी, हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि सगळ्यांना समजावं असं मला वाटतं तेही हेच. या संघटनेच्या शेतीच्या करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत असा आधार देता येतो. श्रीमंत देशांना ही सूट ५ टक्क्यांची आहे. इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं. मग कळलं की आधार मोजताना आजच्या सरकारी दराची तुलना आजच्या बाजारभावाशी करत नाहीत. ती करतात १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या सरासरी भावाशी, आणि तो भाव गोठवलेला आहे. समजा त्या वेळी एखाद्या मालाचा भाव १०० होता, आज बाजारात तो २९० आहे आणि सरकारनं ३०० चा दर बांधून दिला. शेतकऱ्याला प्रत्यक्षात १० जास्त मिळाले. जिनिव्हाच्या कागदावर मात्र २०० मिळाले असं लिहिलं जातं. डिझेल, खत, तोडणीची मजुरी, मुलांच्या फिया, कशालाही १९८८ चा भाव लागत नाही. आमच्या आधाराच्या मोजमापाला मात्र लागतो.

भारताचं आणखी एक म्हणणं होतं. एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो; सरकारी तिजोरीतून पैसा जात नाही, तर तो सरकारी आधार कसा? मंडळानं हे मान्य केलं नाही. दर सरकारनं ठरवला आणि तो बंधनकारक आहे, एवढं त्यांना पुरलं.

हे मी आप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी डंकेल प्रस्तावाचे, म्हणजे याच कराराच्या मसुद्याचे, दिवस काढले. नव्वदच्या सुरुवातीला या करारावरून गावोगाव सभा होत होत्या. परदेशी कंपन्या बियाणं पळवतील म्हणून बरेच जण विरोधात होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र बाजूनं होते. सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उलट भाव पाडून त्याच्याकडूनच काढून घेतं, ही उणे सबसिडी आहे, असं ते सांगत. ते सरकारी कागदांतूनही दिसलं: १९८६-८८ साठी भारताच्या शेतीचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा आकडा उणेच निघाला होता. म्हणजे ज्या वर्षांत आमचा शेतकरी लुटला जात होता, त्याच वर्षांचा भाव पट्टी म्हणून कायम ठेवला गेला, आणि त्या पट्टीनं मोजून आज आम्हाला जास्त मिळतं असं ठरलं. हा अन्याय आहे, असं मी विचारपूर्वक लिहिते.

अन्यायाला दुसरीही बाजू आहे. करार झाला तेव्हा ज्या देशांचा आधार आधीच मोठा होता, त्यांना तो थोडा कमी करून पुढे चालू ठेवायची मुभा मिळाली. अमेरिकेला वर्षाला १९.१ अब्ज डॉलर, युरोपीय संघाला ७२ अब्ज युरो. ज्यांनी दिलंच नव्हतं त्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला फक्त १० टक्क्यांची सूट. अमेरिका आपल्या साखरेचं रक्षण देशवार कोट्यानं करते. त्या कोट्यात कमी जकातीनं भारताची जेमतेम ८,४२४ टन कच्ची साखर वर्षाला आत जाते. आपल्याकडचा मध्यम कारखाना एका हंगामात याच्या कितीतरी पट साखर काढतो.

इथवर येईपर्यंत माझ्या मनात सरळ दोन बाजू पडल्या होत्या, श्रीमंत आणि आपण. ग्वाटेमालानं त्या मोडल्या. मी नकाशा काढून बघितला. मध्य अमेरिकेतला लहान देश, तिथंही ऊसतोड मजूर, तिथंही बागायतीच्या कडेला गरिबी. भारताची साखर सरकारी मदतीवर जगात गेली की भाव पडतो, आणि पडलेला भाव तिथल्या तोडणीवाल्याच्या ताटातही पडतो. आपल्या थकलेल्या बिलांसाठी दिलेला पैसा खरा होता, गरजेचा होता, आणि त्याचा भार परक्या मुलखातल्या आपल्याच जातकुळीच्या माणसानं उचलला, हेही खरं आहे. हे पचवणं मला जड गेलं.

नियम गरिबांच्या कामाला आले असंही घडलं आहे. युरोप आपल्या बीटाच्या साखरेला भरमसाठ मदत देऊन ती बाहेर ओतत होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडनं खटला भरला आणि २००५ मध्ये युरोप हरला. त्या निकालाचा एक धागा मराठी माणसापर्यंत येतो. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकण-देशावरून करारानं गेलेली मराठी माणसं उसाच्या मळ्यांत राबली. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. मॉरिशसची साखर १९७५ पासून एका करारानुसार युरोपात चढ्या, हमी दरानं जात होती. युरोप हरला, त्यानं साखरेचा दर २००६ पासून टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि २००९ मध्ये तो जुना करार संपवला. ब्राझीलचा विजय मॉरिशसच्या अंगावर आला. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्सनं तर २००५ मध्ये आपला शेकडो वर्षांचा साखरधंदाच बंद केला.

भरपाई म्हणून युरोपनं या देशांना अब्जाहून अधिक युरोंची मदत दिली. मॉरिशसनं लहान गिरण्या बंद करून मोजक्या मोठ्या ठेवल्या, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली, पांढरी साखर शुद्ध करायचे कारखाने उभारले, चोयट्यावरची वीज वाढवली. देश तगला. ज्याच्या हातातली गिरणी गेली त्याला मात्र मदतीचा धनादेश जुनं काम परत देऊ शकला नाही. परकीय मदतीबद्दल मी वाचलेल्यातला हा सर्वांत स्पष्ट धडा: व्यापाराचा नियम बदलून जे जातं, ते मदतीनं थोडंबहुत भरून निघतं, पण देणाऱ्याच्या वेळेनं आणि देणाऱ्याच्या अटीवर.

आपल्या भागालाही परकीय मदत नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो आप्पांना अजून आठवते. "चव नव्हती, पन चूल पेटत हुती," असं ते म्हणतात, आणि त्या वाक्यात उपकाराची जाणीवही असते. शेजारच्या कोयना प्रकल्पाला जागतिक बँकेनं कर्ज दिलं होतं. आज शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी राज्यात जो 'स्मार्ट' प्रकल्प चालतो, त्यामागेही जागतिक बँकेचं कर्ज आहे. कर्ज आणि अनुदान यांत फरक आहे, आणि सभेत कुणी 'परदेशी मदत आली' म्हटलं की फेडायची आहे की नाही, एवढं तरी विचारावं.

आता वहीतली दुसरी ओळ. नोव्हेंबर २०२३, भाव २८ सेंट. बारा वर्षांतला सर्वांत चढा भाव. तेव्हा भारताची किती साखर बाहेर जात होती? जवळपास नाही. जून २०२२ मध्ये केंद्रानं साखरेची निर्यात निर्बंधाखाली आणली, पुढच्या हंगामात सुमारे ६० लाख टनांचा कोटा दिला, आणि २०२३-२४ ला निर्यात बंदच ठेवली. पाऊस कमी, साखर कमी होण्याची भीती आणि निवडणुकीआधी महागाई नको, ही कारणं होती. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम बंदी आली आणि आठवड्याभरात ती थोडी सैल झाली. कारखान्यांनी इथेनॉलसाठी कर्ज काढून यंत्रं बसवली होती. जिनिव्हाचा यात काहीही संबंध नव्हता. पडत्या भावात मदत दिली म्हणून जग आपल्याला अडवतं, आणि चढत्या भावात आपलंच सरकार दार लावून घेतं. दोन्ही वेळा भोगतो तो एकच माणूस.

सोयाबीनमध्येही हेच दिसलं. भारतानं जागतिक करारात पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत जकात लावायचा हक्क राखून ठेवला आहे, सोयाबीन तेलावर मात्र फक्त ४५ टक्क्यांपर्यंत. त्या मर्यादेतही सरकार जकात वर-खाली करतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ जकात शून्यावरून २० टक्के झाली, मे २०२५ च्या शेवटी ती १० वर आली. शहरात तेल स्वस्त राहिलं पाहिजे, हे मला पटतं. मीही तेल विकत घेते. पण पेरणीच्या तोंडावर हा निर्णय होतो तेव्हा काढणीला भाव काय असेल, याचा अंदाज आमच्या हातात राहत नाही.

जिनिव्हाच्या निकालाचं पुढं काय झालं, हेही सांगायला हवं. भारताचं अपील ऐकायला तिथं न्यायाधीशच नाहीत. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून अपिलाचं मंडळ बंद पडलं. त्यामुळे निकाल लागला आहे, पण लागू झालेला नाही. पुष्कळांना यात दिलासा वाटतो. मला नाही वाटत. आज न्यायाधीश नाहीत म्हणून आपण सुटलो, तर उद्या एखाद्या बलाढ्य देशानं आपल्या मालावर मन मानेल तशी जकात लावली तेव्हा आपण कुठं जाणार? दुबळ्या देशाला नियम हवेच असतात. त्या नियमांची पट्टी खरी असावी आणि ती बसवताना आपलाही माणूस तिथं असावा, इतकीच मागणी आहे. १९८६-८८ चा भाव बदला, ही मागणी भारत आणि इतर विकसनशील देश वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०१३ मध्ये बालीच्या परिषदेत सरकारी धान्यखरेदीपुरती तात्पुरती सूट मिळाली आणि तांदळासाठी भारतानं ती वापरलीही. उसाला ती सूट लागू होत नाही.

हा तालुका लांबच्या कायद्याला प्रश्न विचारणारा आहे. १९३० मध्ये बिळाशीच्या लोकांनी जंगलाच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. तो कायदाही इथं लिहिलेला नव्हता. आज प्रश्न विचारायला तुरुंगात जावं लागत नाही. सहकारी कारखान्याचा प्रत्येक सभासद मालक आहे. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होते, त्याआधी अहवाल घरी येतो, आणि बहुतेक घरांत तो न उघडता कपाटावर जातो. माझी सभासद भावांना, आणि त्याहून जास्त घरातल्या लेकी-सुनांना विनंती आहे: यंदा तो अहवाल उघडा. साखर विक्रीचा सरासरी दर, निर्यात किती आणि कोणत्या भावानं, इथेनॉलचं उत्पन्न, कर्जाचं व्याज, एवढ्या चार ओळी शोधा. त्या वर्षीच्या एफआरपीशेजारी त्या लिहा. मग सभेत उभं राहून विचारा, आणि जो खासदार मतं मागायला येईल त्यालाही विचारा की निर्यात कधी उघडी राहणार हे आम्हाला लागणीआधी कळेल का, आणि जिनिव्हात गोठवलेल्या भावाबद्दल तुम्ही संसदेत काय बोललात. आपल्या उसाचा दर जे ठरवतात, त्यांना हे प्रश्न आपल्या गावातून ऐकू आलेच पाहिजेत.